मंचुरियन, शेजवान, विंदालू: परदेशी पाहुण्यांना काय म्हणून वाढायचं आणि कसं जमवायचं

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला ऑफिसातल्या सहा जणांना जेवायला बोलवायचं आहे. त्यातल्या एक बाई चीनमधल्या चेंगडूच्या, बाकीचे ब्रिटिश. बेत आहे मंचुरियन, शेजवान राइस आणि अमेरिकन चॉप्सी असा, आणि ब्रिटिशांपैकी एकाने विंदालूची फर्माईश केली आहे. शंका दोन आहेत. चिनी पाहुणीसमोर हे पदार्थ 'चायनीज' म्हणून ठेवायचे का? आणि पुण्यात बिनचूक जमणारं मंचुरियन तिकडे चिकट, फिकट आणि आंबट का होतंय?

बेत अजिबात बदलू नका. फक्त सांगताना 'मुंबईचं चायनीज' असं सांगा, कारण ते खरंच मुंबईचं आहे. चिकन मंचुरियनची जन्मकथा बऱ्यापैकी नोंदलेली आहे. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वँग १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. काहीतरी नवीन द्या, अशी मागणी आल्यावर त्यांनी आपल्या फोडणीतलं आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवर लावून रस्सा दाट केला. मंचुरिया म्हणजे चीनचा ईशान्य कोपरा: लिआओनिंग, जीलिन, हेइलोंगजिआंग. तिथल्या थंडीत आंबवलेली कोबी, डंपलिंग, बटाट्याच्या स्टार्चमध्ये तळलेलं आंबटगोड डुकराचं मांस हे चालतं. आपल्या मंचुरियनशी त्या स्वयंपाकाचं नातं नावापुरतंच.

हक्का नूडल्सचं थोडं वेगळं आहे. हक्का हा दक्षिण चीनमधला समाज. त्यांतले अनेक जण कोलकात्यात आले, टँग्रा भागात कातडी कमावण्याच्या धंद्यात स्थिरावले आणि तिथूनच त्यांची हॉटेलं उभी राहिली. चीनमध्ये हक्का स्वयंपाक ओळखला जातो मिठात भाजलेली कोंबडी, मांसाचं सारण भरलेला टोफू आणि खारवलेल्या मोहरीच्या पाल्यासोबत शिजवलेल्या डुकराच्या मांसासाठी. आपल्याकडे मात्र त्या नावावर कोबी-गाजर घालून परतलेल्या नूडल्स मिळतात. नाव बनवणाऱ्यांचं, पदार्थ गिऱ्हाइकाच्या जिभेचा.

कोणत्याही पदार्थावर देशाचं नाव दिसलं की मी एकच गोष्ट शोधतो: त्या देशाची म्हणून कुठली एक खूण उचलली आहे? सिंगापूर नूडल्समध्ये ती खूण करी पावडर आहे. हा पदार्थ हाँगकाँगच्या साध्या खानावळींतला. तांदळाच्या बारीक शेवया, अंडं, कोळंबी, मोड आलेले मूग आणि पिवळी करी पावडर. सिंगापुरात हा रोजच्या जेवणातला पदार्थ नाही. अमेरिकन चॉप्सीत ती खूण टोमॅटो केचप. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांतलं चॉप सुई ब्राउन रश्शातलं असतं, आणि न्यू इंग्लंडमध्ये याच नावाने मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो यांचा पदार्थ घरोघरी होतो. तळलेल्या नूडल्सवर लालभडक गोड रस्सा आणि वर अंड्याचं हाफफ्राय, ही रचना आपल्याकडची. क्लबांतल्या रशियन सॅलडची खूण मेयोनीज. मॉस्कोत १९व्या शतकात ल्युसिअँ ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने त्याचं मूळ रूप केलं, म्हणून रशियात त्याला ऑलिव्हिए म्हणतात. मेयोनीजमधले मटार-गाजर डेन्मार्कमध्ये इटालियन सॅलड होतात आणि तुर्कस्तानात कित्येक ठिकाणी अमेरिकन सॅलड. जपानमध्ये तर १९६३पासून सफरचंद आणि मधाची चव असलेली एक करी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या नावाने विकली जाते.

स्वयंपाकाच्या दृष्टीने याचा उपयोग असा की ती खूण चुकली तर पदार्थ चुकतो. सिंगापूर नूडल्समध्ये करी पावडर कच्ची राहिली, किंवा चॉप्सीत केचपऐवजी 'अस्सल' वाटावं म्हणून ताजे टोमॅटो घातले, तर बाकी सगळं नीट असूनही खाणाऱ्याला ते ओळखू येत नाही. अशा पदार्थात सुधारणा करायला जाऊ नका. तो ज्या शहरात तयार झाला तिथल्या रीतीने करा.

आता मंचुरियन. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं बाटल्यांत आणि पाकिटांत आहेत.

फिकटपणा सोया सॉसमुळे. भारतात 'डार्क सोया' म्हणून मिळणारा सॉस कॅरॅमलमुळे काळा आणि दाट असतो. इंग्लंडच्या सुपरमार्केटमध्ये सहज हाती लागतो तो लाइट सोया किंवा जपानी पद्धतीचा सोया. तो पातळ आणि जास्त खारट. रंग येईपर्यंत तोच ओतत राहिलात तर रस्सा खारट होतो आणि रंग तरी येतच नाही. दोन बाटल्या आणा. खारटपणासाठी लाइट, रंगासाठी डार्क.

आंबटपणा व्हिनेगरमुळे. आपलं पांढरं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं. ब्रिटिश माल्ट व्हिनेगर ५ टक्क्यांचं आणि त्याला बार्लीचा स्वतःचा वास. राइस व्हिनेगर घ्या. माल्टच असेल तर चमच्याऐवजी पाऊण चमचा.

चिकटपणाची कारणं दोन. एक तर स्टार्च जास्त. दुसरं, स्टार्च चुकीचा. बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च रश्शाला तार आणतो. इंग्लंडमध्ये 'कॉर्नफ्लॉवर' लिहिलेलं पाकीट बरोबर आहे. अमेरिकेतल्या वाचकांनी मात्र 'कॉर्नस्टार्च' मागावं. तिथे कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचं बारीक पीठ, त्याने रस्सा दाट होण्याऐवजी गढूळ होतो.

सहा जणांसाठी गोळ्यांचं प्रमाण: कोबी ४०० ग्रॅम आणि गाजर १०० ग्रॅम, दोन्ही बारीक किसून. पाऊण चहाचा चमचा मीठ लावून १० मिनिटं ठेवा आणि मग मुठीत धरून घट्ट पिळा. पाणी फेकू नका, ते रश्शात जाईल. पिळलेल्या किसात आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा, बारीक चिरलेल्या २ हिरव्या मिरच्या, मूठभर कांद्याची पात, अर्धा चहाचा चमचा मिरपूड, ६० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर. हलक्या हाताने एकत्र करा, मळू नका. साधारण २४ गोळे होतील.

इथे एक चूक घराघरात होते. कोबी न पिळता पीठ घालतात. दहा मिनिटांत मिठाने पाणी सुटतं, मिश्रण सैल होतं, म्हणून आणखी मैदा, पुन्हा पाणी, पुन्हा मैदा. शेवटी गोळा होतो तो मैद्याचा, बाहेरून दगडासारखा आणि आतून कच्चा. पिळून घेतलं की ९० ग्रॅम पीठ पुरतं. तरीही मिश्रण करून ठेवू नका. तेल तापत आल्यावरच पीठ घाला आणि लगेच तळायला घ्या.

तेल आधी १७० अंशांवर. एका वेळी सहा-सात गोळे, चार-पाच मिनिटं. एक फोडून बघा, मध्ये ओला मैदा दिसला तर आणखी एक मिनिट. सगळे झाले की निवू द्या. वाढायच्या आधी १८५ अंशांवर पुन्हा एक मिनिट तळा. पहिल्या तळणीत आतलं शिजतं, दुसऱ्या तळणीत वरचं पाणी उडून कवच कडक होतं, आणि असा गोळा रश्शात दहा मिनिटं तग धरतो.

लाल रंग घालायचा मोह आवरा. हा इशारा भारतातल्या वाचकांसाठीही आहे. कर्नाटक सरकारने मार्च २०२४मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. गोव्यात म्हापसा पालिकेने त्याच वर्षी, आणि त्याआधी मुरगाव पालिकेने, जत्रेतल्या गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बडगा उगारला होता. तक्रार रंगांची, हलक्या सॉसची आणि अस्वच्छतेची. काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीचं वाटण दोन चमचे घातलं की हवा तो रंग येतो.

रस्सा: कढईत ३ मोठे चमचे तेल कडकडीत तापवा. बारीक चिरलेला लसूण २ मोठे चमचे, आलं १ मोठा चमचा, हिरव्या मिरच्या ३. हे चिरलेलंच हवं. वाटण घातलं तर रश्शाला आपल्या भाजीची चव येते. लसणाची कड जेमतेम सोनेरी झाली की एक कांदा आणि एक ढोबळी मिरची, मोठ्या आचेवर एक मिनिट. लाइट सोया २ मोठे चमचे, डार्क सोया १, चिली सॉस १, केचप १, साखर १ चहाचा चमचा, अर्धा चमचा पांढरी मिरपूड. कोबीचं पाणी धरून एकूण ६०० मिली पाणी. मीठ चाखूनच, कारण कोबीच्या पाण्यात ते आधीच आहे.

उकळी फुटली की २५ ग्रॅम कॉर्नफ्लॉवर (तीन मोठे चमचे) पाऊण वाटी गार पाण्यात कालवून ओता. ओतण्याआधी वाटी पुन्हा तळापासून ढवळा, कारण पीठ खाली बसलेलं असतं. वरचं पाणी ओतलं जातं आणि खालचा गठ्ठा शेवटी एकदम पडतो, गुठळ्या होतात त्या तिथे. एका हाताने ओता, दुसऱ्याने ढवळा. पुन्हा उकळी येऊन रस्सा चकाकला की एक मिनिट, त्याहून जास्त नाही. आच बंद करून मग १ मोठा चमचा व्हिनेगर. आधी घातलं तर आंबटपणा आणि उष्णता मिळून स्टार्चची पकड सैल करतात आणि वाढेपर्यंत रस्सा पातळ होतो. मग घाबरून आणखी कॉर्नफ्लॉवर घातलं जातं आणि तुम्ही सांगितलेला चिकटपणा येतो.

शेजवानबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पाहुणी चेंगडूची आहे आणि चेंगडू ही सिचुआन प्रांताची राजधानी. तिथल्या स्वयंपाकाची ओळख दोन गोष्टींत आहे. एक, वालासारख्या दिसणाऱ्या बाकल्याच्या (फावा) दाण्यांना मिरचीबरोबर महिनोन्‌महिने आंबवून केलेली, चेंगडूजवळच्या पिक्शिअनची लाल पेस्ट. दुसरी, ह्वाजिआओ नावाची फळं, जी तिखट नसतात पण ओठ आणि जीभ बधिर करतात. मुंबईच्या शेजवान सॉसमध्ये यातलं काहीच नसतं. त्यात सुकी लाल मिरची आणि भरपूर लसूण. सत्तरच्या दशकात मुंबईच्या मोठ्या हॉटेलात सिचुआनचं जेवण आलं, आणि तिथून ते गाड्यांपर्यंत उतरताना तिखटपणा तेवढा टिकला.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे ह्वाजिआओचं सख्खं भावंड आपल्याकडे कोकणात आहे: तिरफळ. वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच, झँथोझायलम या प्रजातीतली. बांगड्याच्या तिखल्यात चार तिरफळं ठेचून टाकली की जो लिंबासारखा वास आणि जिभेवर जी झिणझिण येते, ती चेंगडूच्या माणसाला लगेच ओळखता येईल. घरात तिरफळं असतील तर त्या बाईंना एक दाणा हातावर द्या. आतली काळी बी काढून टाका, ती खायची नसते. जेवणाच्या टेबलावर याहून चांगली बोलण्याची सुरुवात नाही.

सॉसचं प्रमाण, सुमारे दोन वाट्या: सुक्या मिरच्या ५० ग्रॅम, त्यातल्या ३५ ग्रॅम काश्मिरी किंवा ब्याडगी आणि १५ ग्रॅम संकेश्वरी किंवा तुम्हाला मिळेल ती तिखट. देठ-बिया काढून पाच मिनिटं उकळा, झाकून अर्धा तास ठेवा. मग लागेल तेवढंच पाणी घालून अगदी गुळगुळीत वाटा. सालीचे कण राहिले तर ते घशाला लागतात. १२० मिली तेल मध्यम आचेवर तापवा. ६० ग्रॅम लसूण आणि २० ग्रॅम आलं, दोन्ही हाताने बारीक चिरलेलं. लसूण पांढऱ्याचा फिकट पिवळा झाला की वाटण घाला. सोनेरी होईपर्यंत थांबलात तर पुढच्या दहा मिनिटांत तो करपतो आणि सगळा सॉस कडवट होतो. ते कडवटपण साखरेने झाकलं जात नाही. मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, कडेने तेल सुटेपर्यंत. शेवटी १ मोठा चमचा सोया, २ चमचे व्हिनेगर, दीड चहाचा चमचा साखर, मीठ, बारीक चिरलेली सेलरी एक दांडी. वर तेलाचा थर राहील असा काचेच्या बरणीत भरला तर फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगला राहतो. ओला चमचा घालू नका.

पाहुणीसाठी सॉसमध्ये ह्वाजिआओ मिसळून तो 'खरा' करायला जाऊ नका. मग तो ना मुंबईचा राहतो, ना तिकडचा. हवं तर अर्धा चमचा ह्वाजिआओ कोरडी भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला हवी तो वरून घेईल.

भाताला तांदूळ लांब दाण्याचा, कमी चिकट. ९० टक्के शिजवा, परातीत पसरा, वाफ गेली की तासाभरात फ्रिजमध्ये. रात्रभर गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट होतो, दाणा परतताना मोडत नाही. शिळा भात चांगला म्हणून तो रात्रभर ओट्यावर ठेवायची सवय मात्र सोडा. भातात बॅसिलस सिरीयस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही जगतात, उबेत वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा परतूनही नष्ट होत नाही.

हॉटेलच्या चायनीज भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कित्येक पट असते. ती घरी आणता येणार नाही, मग कढईत माल कमी घालायचा. एका वेळी २५० ते ३०० ग्रॅम भात, म्हणजे दोन माणसांचा. सहा जणांचा भात एकदम टाकलात तर कढई गार होते, भाज्यांना पाणी सुटतं आणि भात वाफेवर शिजतो. इंडक्शन असेल तर सपाट बुडाची लोखंडी कढई, धूर दिसेपर्यंत रिकामी तापवलेली. क्रम असा: तेल, लसूण, फरसबी-गाजर, कोबी, दीड चमचा शेजवान, मग भात, कडेने सोया, शेवटी पात. तीन मिनिटांत खाली.

अजिनोमोटोचा प्रश्न तुमचे ब्रिटिश पाहुणे विचारतीलच. 'चायनीज म्हणजे अजिनोमोटो' ही समजूत आपल्याकडे जशी आहे तशी तिकडेही आहे. मोनोसोडियम ग्लुटामेटचा शोध १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या रसातून लावला, आणि अजिनोमोटो हे जपानी कंपनीचं नाव. चिनी जेवणाशी दुखण्याची सांगड घातली गेली ती अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात १९६८ साली छापून आलेल्या पत्रानंतर. हाच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, चीजमध्ये आणि सोया सॉसमध्येही असतो. घालायचाच तर सहा जणांच्या रश्शाला पाव चहाचा चमचा बस, आणि मीठ तेवढं कमी. वगळलात तरी वरच्या प्रमाणात चव कमी पडत नाही. पाहुण्यांना मात्र जे खरं आहे ते सांगा. ग्लुटेन चालत नसेल अशा पाहुण्यालाही आधीच विचारा, कारण सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

चॉप्सीचं थोडक्यात. नूडल्स ८० टक्के उकडा, निथळा, कापडावर अर्धा तास पसरून कोरड्या करा, वरून दोन चमचे कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा. मगच १८० अंशांच्या तेलात थोड्या थोड्या तळा. ओल्या नूडल्स टाकल्या की तेल फसफसून वर येतं आणि शेगडीवर सांडतं, म्हणून कढई निम्म्याहून जास्त भरू नका. रश्शाला केचप ५ मोठे चमचे, साखर २, व्हिनेगर २, सोया १ चहाचा चमचा, पाणी ३५० मिली, कॉर्नफ्लॉवर १५ ग्रॅम. पानात नूडल्स वाढून त्यावर रस्सा टेबलावरच ओता. स्वयंपाकघरात ओतलात तर कुरकुरीतपणा वाटेतच गेला.

विंदालूच्या बाबतीत उलट परिस्थिती आहे. इथे पाहुण्यांच्या डोक्यात आपल्याच पदार्थाचं भलतं चित्र आहे. ब्रिटनमधली करी हाउसेस बहुतांशी सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली. तिथे कांद्याचा एक मूळ रस्सा मोठ्या पातेल्यात तयार असतो, मांस आधीच शिजवलेलं असतं, आणि मागणी आली की दहा मिनिटांत मसाला घालून करी होते. त्या मेन्यूवर कोर्मा म्हणजे गोडसर, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू त्याहून तिखट. नावं तिखटाच्या पायऱ्या झाली आहेत. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ साली चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं, ते याच हॉटेलांच्या जोरावर. त्या आचाऱ्यांना हिणवण्याचं कारण नाही. नेल्सन वँग यांनी मुंबईत जे केलं तेच त्यांनी तिकडे केलं.

पण गोव्याचं विंदालू वेगळं आहे आणि ते एकदा त्या पाहुण्याला खाऊ घालाच. पोर्तुगिजांची मांस व्हिनेगर-लसणात मुरवून टिकवण्याची पद्धत गोव्यात आली, त्यात मिरची आणि मसाले पडले. त्याचा पाया आंबट, लसणाचा आणि चरबीचा, तिखटपणा मध्यम. बटाटा त्यात नसतो.

सहा जणांना १.२ किलो डुकराच्या खांद्याचं मांस, चरबीसकट, दीड इंचाचे तुकडे. डुक्कर न खाणारं कोणी आहे का, हे आठवडाभर आधी विचारा. असेल तर वेगळं काही करा, कोंबडी दिवसभर व्हिनेगरमध्ये मुरवली तर चामट होते. वाटण: काश्मिरी मिरच्या १५, लसूण १२ मोठ्या पाकळ्या, आलं १ इंच, जिरं १ चहाचा चमचा, मिरी १ चमचा, लवंगा ६, दालचिनी २ इंच, हळद अर्धा चमचा, गूळ १ चमचा, मीठ २ चमचे, व्हिनेगर १२० मिली. पाण्याचा थेंबही नको, सगळं व्हिनेगरमध्येच वाटा. गोव्यात माडाचं व्हिनेगर वापरतात. ते नसेल तर सायडर व्हिनेगर सर्वांत जवळचं. माल्ट इथे चालणार नाही. मांस त्यात चोळून काचेच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये १२ ते २४ तास. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळेचं भांडं नको. आम्ल धातूला खातं आणि चव बिघडते.

तीन कांदे तेलावर तांबूस परता, मांस घाला, मोठ्या आचेवर दहा मिनिटं, चरबी सुटायला लागेपर्यंत. मग एक वाटी पाणी, झाकण, मंद आच, सव्वा तास. बनवल्या दिवशी चाखलात तर व्हिनेगर टोचेल. तेव्हा साखर घालत बसू नका. थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर आंबटपणा मसाल्यात जिरलेला असतो. म्हणून पाहुणे शनिवारी येणार असतील तर मांस गुरुवारी मुरवा, शुक्रवारी शिजवा. ब्रिटिश पाहुण्याला त्याच्या सवयीचा जाळ हवा असेल तर शेजवानची वाटी जवळच आहे.

बाकीची वेळ अशी लावा. शुक्रवारीच शेजवान सॉस आणि भात. शनिवारी दुपारी गोळे पहिल्यांदा तळून ठेवा, चॉप्सीच्या नूडल्स तळून हवाबंद डब्यात घाला, भाज्या चिरा, प्रत्येक रश्शाचे सॉस मोजून वेगवेगळ्या वाट्यांत काढा. पाहुणे आल्यावर विंदालू मंद आचेवर, मंचुरियनचा रस्सा तयार, गोळ्यांची दुसरी तळण, आणि भात सर्वांत शेवटी, तीन घाण्यांत. गोळे रश्शात वाढायच्या क्षणीच सोडा. उरलेच तर गोळे आणि रस्सा वेगळे ठेवा. रश्शात राहिलेला गोळा सकाळपर्यंत फुगून फुटतो. उरलेला भात दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून संपवा.